माकडाने सरळ केलेली वाट

एका जंगलात एक माकड राहत असे, आणि त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता. कुठून आला म्हणून विचारू नका मुलांनो, माकडाच्या घरात काय सापडेल याचा नेम नसतो. त्याच जंगलात एक म्हातारी हत्तीण होती. सगळी तळी आटली तरी डोंगरापलीकडे एका झऱ्याला पाणी असतं, हे एकट्या तिलाच ठाऊक होतं. मरण्यापूर्वी तिने त्या झऱ्याची वाट माकडाला सांगितली आणि माकडाने ती जशीच्या तशी टाइप करून घेतली. एवढं काम त्याने चोख केलं, खोटं कशाला बोला.

शेजारची खार म्हणाली, "माकडदादा, आधी व्हर्जन कंट्रोल इन्स्टॉल करून घे. माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरवरच्या त्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की आजचं लिखाण आहे तसं जपलं जातं. उद्या काही बिघडलं, तर मागचं परत आणता येतं."

"ती काळी खिडकी बघूनच मला जांभया येतात," माकड म्हणालं. "सेव्ह केलंय ना? बास झालं."

पुढे हत्तीण गेली. एके दिवशी माकडाने सहज ती फाईल उघडली. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते उगाच नाही. "म्हातारीने केवढं पाल्हाळ लावलंय," म्हणत त्याने निम्मी वळणं पुसून टाकली, वाट छान सरळ केली आणि पुन्हा सेव्ह केली. जुना मजकूर गेला तो गेलाच.

उन्हाळ्यात तळी आटली. एक हरिणी पाडसाला घेऊन माकडाकडे आली. त्याने वाचून दाखवलेल्या वाटेने ती चालत गेली. वाट एका कोरड्या माळावर संपली. काही दिवसांनी हरिणी परत आली ती एकटीच. "हत्तीणआजीने असंच सांगितलं होतं का रे?" एवढंच तिने विचारलं.

माकडाला फार वाईट वाटलं. त्याने त्याच दिवशी व्हर्जन कंट्रोल इन्स्टॉल केलं, काळ्या खिडकीत ओळीमागून ओळी टाइप केल्या. "आजीची वाट परत का येत नाही?" त्याने खारीला विचारलं.

खार म्हणाली, "त्याच्याकडे कधी ठेवलीच नाहीस, तर ते देणार कुठून?"

आता माकड रोज न चुकता ती ओळ टाइप करतं. चुकलेली वाट त्याच्याकडे अगदी सुरक्षित आहे.

तात्पर्य : जुनं जपण्याची सोय बदल करण्याआधी करावी, नंतर केली तर फक्त चूकच जपली जाते.