मुकिंदाने डोंगर रंगवला

माळावरच्या एका सपाट गावात मुकिंदा नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगाल ते ऐकायचा, एवढीच त्याची खोड. त्याचं लग्न ठरलं डोंगरातल्या येसूशी. येसूने एकच अट घातली. "सकाळी डोळं उघडलं की मला आमचा डोंगर दिसला पायजे. न्हाईतर मी नांदायची न्हाई."

तिचे वडील दौलतमामा म्हणाले, "लगीन तुमच्याच दारात लावू. आधी डोंगर बघू, मगच अक्षता."

डोंगर काही बैलगाडीत मावत नव्हता. म्हणून मुकिंदा जिवबा पेंटरकडे गेला, तेलरंगात डोंगर काढायला शिकायला. जिवबा नाटकाचे पडदे रंगवायचा.

पेंटर म्हणाला, "ध्यानात ठेव. आधी लांबचं, मग जवळचं."

"ठेवलं," मुकिंदा म्हणाला.

घरी येतो तर त्याची कडब्याची गंजी पेटलेली. मुकिंदाने घागर उचलली आणि तो गावाच्या पार टोकाला पळाला. तिथली पाटलांची गंजी भिजवली. मग एकेक गंजी भिजवत जवळ आला. तोवर त्याच्या गंजीची राख झाली होती. पाटील वेगळेच बोंबलत होते.

पेंटरने कपाळावर हात मारला. "आरं येड्या, जाळ दिसला की आधी पाणी मारायचं!"

"मारतो."

दुसऱ्या दिवशी पेंटरने त्याला डोंगरामागचं मावळतीचं आभाळ रंगवायला बसवलं. मुकिंदाने भगवा आणि तांबडा असा काही फासला, की आभाळ भडकलंच. जाळच तो! मुकिंदाने बादली उचलली आणि मारली. पेंटर भिजला. चित्र तोंडावर आपटलं आणि डोंगर मातीत गेला. मुकिंदा पुसायला धावला.

"हात लावू नगंस!" पेंटर किंचाळला. "ओलं हाय तवर हात लावायचा न्हाई. वाळू द्यायचं."

"देतो."

संध्याकाळी त्याची आई विहिरीजवळ घसरली आणि डबक्यात बसली. "मुकिंदा, हात दे रं!"

मुकिंदा उलट मागे सरला. "आई, तू ओली हायस. वाळलीस की उचलतो." आणि खरंच शेजारी बसून राहिला. आईने चिखलातून ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येत नाहीत.

लग्न तोंडावर आलं. पेंटर म्हणाला, "नवं कापड बघ. दोघांनी दोन बाजूंनी ताणून धरलं तरी चालंल. कापड ताणलं की रंगवायला लाग. मग कुणासाठी थांबू नगंस."

"न्हाई थांबत."

पण ऐन लग्नसराईत कापड देतंय कोण?

लग्नाच्या दिवशी मामांनी घराची भिंत पाहिली. कोरी करकरीत. "डोंगर कुठं हाय?" "कापडच मिळालं न्हाई, मामा," मुकिंदा म्हणाला. येसूचे डोळे भरून आले. भटजी घाई करू लागले, "अहो, मुहूर्त टळतोय. उभे तरी राहा!"

दोघं समोरासमोर उभे राहिले. मध्ये दोन पाव्हण्यांनी अंतरपाट धरला. नवाकोरा, पांढराशुभ्र, ताणलेला.

मुकिंदाने मुंडावळ्या मागे सारल्या, रंगांची पेटी मागवली आणि कामाला लागला. भटजींची मंगलाष्टकं संपली. परत सुरू झाली. परत संपली. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झाल्या. आणि काय सांगू, डोंगर उतरला! येसूने कडेने वाकून पाहिलं.

"आमचाच गं बाई डोंगर!" ती रडता रडता हसली.

मामाही विरघळले. "टाका अक्षता! काढा अंतरपाट! घाला हार!"

"हात लावू नगा!" मुकिंदा आडवा झाला. "ओला हाय."

"मग वाळंल कवा?"

"रंग जाड हाय, मामा. शिमगा उजाडंल."

मामांनी येसूला गाडीत बसवलं आणि वऱ्हाडासकट परतीची वाट धरली. गाड्या माळावरून लांब लांब जाऊ लागल्या. मुकिंदा डोळे बारीक करून बघत राहिला. आता तरी याच्या डोक्यात उजेड पडला, असं गावाला वाटलं.

मुकिंदाने कुंचला रंगात बुडवला, अंतरपाटावरच्या डोंगराच्या पायथ्याशी भराभर गाड्या काढल्या आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मामा, जरा दमानं हाका! नवरी काढायची राहिलीया!"