कोपऱ्यातली घट्ट रिळं

एका सात वर्षांच्या मुलीच्या यकृतात एक पेशी होती आणि त्या पेशीत अंताजी नावाचा एक नक्कलनवीस राहत होता. पेशीच्या मधोमध केंद्रक नावाची खोली होती. खोलीत एक पोथी होती, तीही कागदाची नाही, सहा फूट लांब दोऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलेली. आता डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या लहान खोलीत सहा फूट दोरा मावायचा कसा? तर तो कोट्यवधी बारक्या रिळांवर गुंडाळलेला होता. शिकलेली माणसं दोऱ्याला डीएनए म्हणतात आणि रिळांना हिस्टोन. म्हणोत बापडी. आपण दोरा आणि रीळच म्हणू.

रिळं म्हाळसाबाईंच्या ताब्यात होती. मुलगी जेवली, साखर साठवून ठेवा, असा बाहेरून निरोप आला की म्हाळसाबाई साखरेचा पाठ असलेली रिळं शोधायच्या आणि त्यांवर सैल करायची खूण लावायच्या. गुंडाळी ढिली व्हायची. मग अंताजी तिथं बसून त्या पाठाची नक्कल उतरवायचा. नक्कल बाहेर मुदपाकखान्यात जायची आणि तिच्यात लिहिलं असेल ते तिथं तयार व्हायचं. मुदपाकखाना कधी उलट प्रश्न विचारत नसे.

अंताजीचा हात वेगवान होता, नक्कल बिनचूक असायची. स्वभाव मात्र असा संशयी, की कुणी शिंकलं तरी हा म्हणायचा, आत्ताच का शिंकला?

खोलीच्या भिंतीला टेकून काही रिळं अगदी घट्ट आवळून ठेवलेली होती. त्यांवर बंद ठेवायच्या काळ्या खुणा होत्या. इतक्या दिवसांत ती एकदाही उघडली नव्हती, आणि तरी म्हाळसाबाई अधूनमधून तिथं जाऊन गुंडाळी चाचपून यायच्या. अंताजीच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं एकदा विचारून पाहिलं, तर म्हाळसाबाई एवढंच म्हणाल्या, “ते आपल्या कामाचं नाही, अंताजी.”

झालं. डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. आपल्या कामाचं नाही, तर मग राखता कशाला? पोथीतलं सगळ्यात मोलाचं काहीतरी ही बाई आपल्यापासून दडवून ठेवते, आपल्याला मात्र रोज तोच साखरेचा पाठ. म्हाळसाबाई गप्प असल्या की तो म्हणे, काहीतरी शिजतंय. हसून बोलल्या की म्हणे, आता तर नक्कीच.

एके दिवशी मुलीच्या घरी सण होता. तिनं पुरणपोळ्या अशा हाणल्या की साखरेचा नुसता लोंढा आला. म्हाळसाबाईंना मान वर करायला सवड नव्हती. अंताजीनं संधी साधली. कोपऱ्यात जाऊन त्यानं काळ्या खुणा खरवडल्या, तीन रिळं उलगडली आणि घाईघाईनं नक्कल उतरवली. वाचतो तर काय, दातावरचं चकचकीत कवच कसं बनवायचं त्याचा पाठ! त्याचा विश्वासच बसेना. एवढ्यासाठी कुणी एवढं लपवतं होय? यात नक्की काहीतरी गोम आहे, करूनच बघू, असं म्हणून त्यानं नक्कल मुदपाकखान्यात पाठवली.

मुदपाकखान्यानं इमानेइतबारे दाताचा माल बनवला. यकृतात! बनवून झाल्यावर त्याचा एक कण रिवाजाप्रमाणे पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर टांगला. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींना हे करावंच लागतं. आत काय बनतंय ते रक्तातून गस्त घालणाऱ्या शिपायांना त्यावरून कळतं. भलतंच काही दिसलं तर शिपाई त्या पेशीला तिथंच संपवतात. शेजारच्या पेशींना धोका नको म्हणून.

गस्तीचा हवालदार आला, कण हुंगला आणि थांबला. त्यानं आत निरोप धाडला: रिळं राखणारीच बिघडली असेल तर ही पेशी आता भरवशाची नाही, संपवावी लागेल. कुणा एकाची आगळीक असेल तर त्यानं कबूल करावं. पुढच्या फेरीला भिंत साफ दिसली तर सोडून देईन.

सगळ्यांच्या नजरा म्हाळसाबाईंकडे वळल्या. त्या कोपऱ्यात गेल्या. खरवडलेल्या खुणा त्यांनी पाहिल्या, अंताजीकडे पाहिलं आणि पुन्हा खुणांकडे वळल्या. अंताजी मनात म्हणाला, नाव का घेत नाही ही? काय डाव आहे हिचा? तेवढ्यातही तो डावच शोधत होता. पण डाव काही सापडेना, आणि आपण गप्प राहिलो तर सगळेच मरणार हे मात्र स्वच्छ दिसत होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मी उघडली,” तो म्हणाला. “बाईंचा काही दोष नाही.” तसा निरोप बाहेर हवालदाराकडे गेला.

म्हाळसाबाईंनी तिन्ही रिळं पुन्हा आवळली आणि काळ्या खुणा लावल्या. नक्कल मुळातच फार टिकत नाही, ती विरून गेली. मुदपाकखान्यातला दाताचा माल थांबला. पण भिंतीवरचा कण उतरायला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ अंताजी जीव मुठीत धरून बसला होता. हवालदार पुन्हा आला. भिंत दोनदा हुंगून, कुरकुरत पुढं गेला. तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग म्हाळसाबाईंनी सांगितलं, की हीच पोथी, याच अक्षरात, या मुलीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. तिचे दुधाचे दात पडताहेत, नवे तयार होताहेत. जबड्यातल्या पेशींमध्ये सध्या हाच पाठ उघडा आहे, आणि अंताजीचा साखरेचा पाठ तिथं कोपऱ्यात काळ्या खुणा लावून बंद आहे. तिथला नक्कलनवीसही त्या बंद पाठाकडे तिरक्या नजरेनं बघत असेल.

“मग हे मला आधीच का नाही सांगितलंत?” अंताजीनं विचारलं.

“सांगितलं असतं, तर पटलं असतं तुम्हाला?”

अंताजीनं प्रामाणिकपणे विचार केला. पटलं नसतं. आणखी काहीतरी लपवते, असंच वाटलं असतं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि साखरेचा पाठ सैल व्हायची वाट पाहू लागला.

तात्पर्य: जे आपल्यासाठी उघडलेलं नाही, ते आपल्यापासून चोरून ठेवलं आहे असं धरून चालू नये; संशयी मनाला खरं उत्तर दिलं तरी ते त्याला खोटंच वाटतं.