चौदा कोऱ्या नोटा

एकदा एका औषधविक्रेत्याला जुन्या नोटांचे वेड लागले. वेड म्हणजे साधेसुधे नव्हे. गिऱ्हाइकाने पैसे पुढे केले की त्याची नजर आधी नोटेवरच्या सहीकडे जाई, मग क्रमांकाकडे, आणि सवड उरलीच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे. तालुक्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यासमोर त्याचे दुकान होते. माणूस वाईट नव्हता. औषधे नेमकी देई, वजनमापात किंवा किमतीत कधी कोणाला फसवत नसे. फक्त नोटा पाहिल्या की त्याचे भान सुटत असे, एवढेच.

पैसे मोजून जुन्या नोटा विकत घेणाऱ्यांना तो मनातून हसे. त्याच्या मते रोजच्या व्यवहारात हिंडत-फिरत आपल्या हाताला लागलेली नोट हीच खरी संग्रहाची नोट. अशी नोट आली की तो खिशातले तेवढेच पैसे गल्ल्यात टाकी आणि ती नोट अलगद एका वहीत ठेवी. शेजारचा मिठाईवालाही हौशी संग्राहक होता. त्याच्याकडे दिवसभर रांग लागे, तरी वर्षाकाठी एखादीच जुनी नोट त्याच्या हाती पडे. औषधवाल्याला मात्र महिन्याला दोन-तीन मिळत. "आपल्या गल्ल्याचं नशीबच थोर," असे तो कौतुकाने सांगत असे.

या विद्येत त्याचे गुरू होते एक निवृत्त पोस्टमास्तर. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे मंद, डोळे मात्र भिंगाइतके तीक्ष्ण. कागद कसा ओळखावा, सह्यांचा क्रम कसा लावावा, क्रमांकाशेजारच्या अक्षरावरून छपाईचा काळ कसा ताडावा, हे सगळे त्याला मास्तरांनीच शिकवले होते. त्यांच्या संग्रहाचा जिल्ह्यात दबदबा होता.

एके दिवशी दुपारी दुकानात एक म्हातारी आली. तिच्या नवऱ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी इंजेक्शने तातडीने मागवली होती. बिल झाले सहाशे चाळीस. तिने पाचशेची एक नोट दिली, मग कमरेच्या पिशवीतून पत्र्याची चपटी डबी काढली आणि तीतून दहा-दहाच्या चौदा नोटा एकेक करून काचेवर ठेवल्या. औषधवाला काचेवर वाकला. आधीच्या नोटांवर शिडाचे जहाज, पुढच्यांवर मोर. सगळ्या कोऱ्या, एकीलाही घडी नाही. आणि त्यांतली एक तर तो नऊ वर्षे शोधत असलेल्या सहीची. बाईने इंजेक्शने घेतली आणि ती लगबगीने रस्ता ओलांडून गेली. ती गेली हेही त्याला जरा उशिराच कळले.

पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी नोटांचे प्रदर्शन होते. त्यात मांडायच्या त्याच्या पानावर नेमकी त्याच सहीची जागा रिकामी होती. आता पान पुरे होणार होते, आणि पहिला क्रमांक आपलाच, याविषयी त्याला शंका उरली नव्हती. प्रत्येक नोटेच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने काही बारीक आकडे लिहिलेले होते. कोणीतरी हिशेब केला असेल, असे समजून त्याने ते मऊ रबराने खोडले, नोटा जाड पुस्तकात दाबून ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांचे घर गाठले.

मास्तरांनी भिंग डोळ्याला लावून चौदाही नोटा सावकाश पाहिल्या. त्या दुर्मीळ सहीपाशी ते क्षणभरही थांबले नाहीत. कोऱ्या भागावर मात्र पुन्हा पुन्हा भिंग फिरवत राहिले.

"इथे कागद खरवडल्यासारखा झालाय. काय होतं इथे?"

"पेन्सिलीचं काहीतरी होतं मास्तर. मी पुसून टाकलं."

"काय होतं?"

"वाचलं नाही."

मास्तरांनी भिंग खाली ठेवले. "नोटा कोणी दिल्या?"

"एक म्हातारी होती."

"तिनं काय घेतलं?"

औषधवाला गडबडला. चौदा नोटांचे चौदा क्रमांक त्याला मुखोद्गत होते. बाईने काय घेतले, हे काही केल्या आठवेना. "बिलात असेल," तो म्हणाला.

मास्तर उठले आणि कपाटातून त्यांनी आपली वही काढली. अर्ध्यापर्यंतची पाने औषधवाल्याने अनेकदा पाहिली होती. आज त्यांनी त्यापुढची पाने उघडली. पारदर्शक कप्पे ओळीने लावलेले, आणि त्यांतले बहुतेक रिकामे. प्रत्येक रिकाम्या कप्प्यात कागदाची एक चिठ्ठी, तिच्यावर एखादे गाव आणि एखादे नाव. जिल्हाभर नावाजलेल्या संग्रहाचा अर्धा भाग असा मोकळा पाहून औषधवाला गोंधळला.

"या नोटा गेल्या कुठे?"

"ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे."

मग मास्तर सांगू लागले. ते सहसा लांबलचक बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले.

"अरे, चाळीस-पन्नास वर्षांची नोट कोरी कशी राहते, याचा विचार केलास का कधी? नोट जन्माला येते ती फिरण्यासाठी. ती फिरली नाही, कारण कोणीतरी तिला फिरू दिलं नाही. घरात पीठ संपलं असेल, मुलाची फी थकली असेल, तरीही त्या माणसानं तिला हात लावला नाही. इतकी वर्षं जपलेली वस्तू एखाद्या दिवशी बाहेर पडते, तेव्हा त्या घरात काहीतरी घडलेलं असतं. तू म्हणतोस, तुझ्या गल्ल्याला नशीब आहे. मिठाईवाल्याला का नाही रे ते नशीब? पेढे घ्यायला कोणी जपलेली नोट मोडत नाही. ती मोडतात तुझ्याकडे. पोस्टाच्या खिडकीवर माझ्याकडेही यायच्या, घरून वाईट तार आली की. पहिली काही वर्षं मीसुद्धा तुझ्यासारखाच खूश व्हायचो."



"सगळ्याच नोटा अशा असतात असं नाही," मास्तर पुढे म्हणाले. "काही कपाट आवरताना निघतात, काही नातवंडं उचलून खाऊला नेतात. अशा मी ठेवल्या, आनंदानं ठेवल्या. पण कोणती कशी आली, हे नोट सांगत नाही. माणसाला विचारावं लागतं. नोट हाती येणं ही संग्राहकाची अर्धी मिळकत. उरलेली अर्धी, ती आपण ठेवून घ्यावी की नाही हे कळणं. ते मी तुला शिकवायला हवं होतं. राहून गेलं."

रागावले असते तर बरे झाले असते, असे औषधवाल्याला वाटले. पण त्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता. नोटा गोळा करून तो उठला.

दुकानात येऊन त्याने बिलाची प्रत शोधली. रुग्णाचे नाव होते निवृत्ती ढगे. दवाखान्यात चौकशी केली तर त्यांना घरी सोडल्याला दोन तास झाले होते. गाव बारा मैलांवर. वाटेत त्याच्या मनाने नाना सबबी काढल्या. बाईला नोटांचे काही नसेलही. प्रदर्शन झाल्यावर परत केल्या तरी काय बिघडते. निदान ती एक सहीची ठेवून बाकीच्या तेरा द्याव्यात, असाही विचार त्याच्या मनात एका वळणावर येऊन गेला. हे सगळे त्याने नंतर स्वतःच कबूल केले, म्हणून आपल्याला ठाऊक.

ढग्यांचे घर दोन खोल्यांचे होते. निवृत्तीबुवा खाटेवर झोपले होते. त्या म्हातारीने, चंद्रभागाबाईंनी, त्याला ओळखले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पैसं कमी पडलं का?"

"नाही मावशी. या नोटा परत द्यायला आलोय. या जपलेल्या दिसतात. एकशेचाळीस रुपये मी भरलेत. तुम्ही पुढच्या औषधाला याल तेव्हा द्या."

बाईंनी हात पदराला पुसले आणि नोटा घेतल्या. 

"भावाच्या ववाळणीच्या हायती," त्या म्हणाल्या. "किसन माझा. गिरणीत लागला तवापासून दर भाऊबीजेला यायचा. ताटात दहाची कोरी नोट टाकायचा. बँकेत रांग लावून आणायचा, कोरीच पायजे म्हनून. चौदा वर्सं आला. मग गेला. घरात कायबी अडचन येऊ दे, मी डबीला हात लावला न्हाई. परवा डाक्टर म्हनले, आत्ताच्या आत्ता. मग काय करनार? ह्यो माणूस का त्या नोटा?"

बोलता बोलता त्यांनी पहिली नोट उजेडाकडे धरली. मग दुसरी. मग सगळ्या भराभर चाळल्या.

"साल कुठं गेलं?"

बाईंनी एक नोट त्याच्यापुढे धरली.

"मला अक्षर येत न्हाई. आकडं तेवढं किसननं शिकिवलं व्हतं, लहानपनी, पाटीवर. म्हनून मी दर नोटंवर साल घालायची. हितं, ह्या पांढऱ्यात."

पेन्सिलच ती, हाताळून पुसली गेली असेल, एवढे म्हटले असते तरी निभावले असते. बाईंनी विश्वास ठेवला असता.

"मी पुसलं, मावशी," तो म्हणाला. "रबरानं. नोट स्वच्छ दिसावी म्हणून."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. आवाजात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. "घाण व्हती व्हय ती?"

त्याला रडू आले, आणि दोन मुलांच्या बापाने परक्याच्या घरी रडावे याची लाजही वाटली. डोळे पुसून तो म्हणाला, "मला यातलं थोडं कळतं. कोणती नोट आधीची, कोणती नंतरची, ते सहीवरून लावता येतं. आपण दोघं मिळून बघू."

मग त्याने घोंगडीवर नोटा मांडल्या. आधी जहाजाच्या, मग मोराच्या. त्यांतही सहीप्रमाणे, अक्षराप्रमाणे. आयुष्यात प्रथमच ही विद्या तो दुसऱ्या कोणासाठी वापरत होता. बाई एकेका नोटेवर बोट ठेवून सांगत गेल्या. ही पैली. त्यो लाजत आला व्हता. ही दुष्काळाच्या सालची, नोट दिली आन् सोबत पायलीभर जवारी घिऊन आला. ह्या साली माझी थोरली झाली. ह्या साली त्याचं लगीन. ज्या सहीसाठी त्याने नऊ वर्षे घालवली होती, ती नोट निघाली बाईंचे सासरे वारले त्या वर्षीची, आणि त्या साली किसन भाऊबीजेला आला तो चार दिवस कामाला म्हणून राहिला होता. औषधवाला प्रत्येक नोटेवर साल लिहीत गेला. बारा नोटा लागल्या.

उरल्या दोन. सही तीच, अक्षर तेच. एक शेवटच्या भाऊबीजेची, दुसरी तिच्या आदल्या वर्षीची.

"शेवटची कोंची?" बाईंनी विचारले.

त्याने भिंग लावले. क्रमांक पाहिले. मोठा क्रमांक नंतरचाच असेल, असे सांगता येत नाही. बँकेतून कोणती नोट कधी बाहेर पडेल याचा नेम नसतो, हे त्याला चांगले ठाऊक होते. अंदाजाने एक दाखवली असती तर बाईंनी ती मानली असती आणि उरलेले आयुष्य तीच डोळ्यांशी धरली असती.

"सांगता येत नाही, मावशी," तो म्हणाला. "जे सांगत होतं ते मी खोडलं."

खाटेवर निवृत्तीबुवांनी कूस बदलली. बाईंनी उठून त्यांचे पांघरूण सारखे केले आणि परत येऊन बसल्या. दोन्ही नोटा त्यांनी दोन तळहातांवर घेतल्या, वजन करावे तशा.

"असू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "दोनीबी शेवटच्याच. ल्हिवा."

त्याने पेन्सिल उचलली आणि दोन्ही नोटांवर एकच साल लिहिले. दुसऱ्या नोटेवर आकडा जरा वाकडा आला. बाईंनी तो पाहिला आणि राहू दिला.

रविवारी प्रदर्शनात त्याचे पान एका रिकाम्या कप्प्यासह लागले, आणि परीक्षकांनी तसा शेराही मारला. त्या कप्प्यात गावाचे आणि बाईचे नाव लिहिलेली चिठ्ठी होती. ती वाचून मास्तर शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या टेबलाकडे वळले.

जुनी कोरी नोट हाती आली तर आनंद जरूर माना; पण ती वहीत ठेवण्याआधी, ज्याने ती दिली त्याच्या तोंडाकडे एकदा पाहून घ्या.