सोनचिखल्यांची शीळ

"पण आबा, ही शीळ तुम्हाला शिकवली कोणी?"

आबा, म्हणजे धाकू तांडेल, खाडीच्या तोंडाशी, वाळूवर उकिडवे बसून आभाळ बघत होते.

विचारणाऱ्या वैजयंतीबाई पोतनीस कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. चैत्रात पाखरं उत्तरेला निघतात, ती निघण्याआधी पाहावीत म्हणून पहाटेच किनाऱ्यावर आल्या होत्या. वाटेत बेचकी घेतलेले दोघे भेटले, त्यांना त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. "पाखरं मारणाऱ्याच्या सावलीलाही मी उभी राहत नाही," हे आल्या आल्या आबांना सांगूनही टाकलं.

आबांनी नुसती मान हलवली होती.

मग त्यांनी ओठांवर दोन बोटं ठेवून शीळ घातली होती. दूरवरून चाललेला सोनचिखल्यांचा थवा वळला आणि थेट पुढ्यात चिखलावर उतरला. पाठीवर सोनेरी ठिपके, पोटावर नुकता चढू लागलेला काळा रंग... पंधरा वर्षांत बाईंना दुर्बिणीतूनही हे असं दिसलं नव्हतं. थवा उडून गेल्यावर त्यांनी वाकून आबांच्या पायांना हात लावला होता.

"सांगा ना आबा. गुरू कोण तुमचे?"

"पोट."

"म्हणजे?"

"जाळं पसरायचं. आडोशाला बसायचं. शीळ घालायची. उतरली की..." आबांनी मूठ वळून, मान मुरगळावी तसं मनगट फिरवलं. "चाळीस वर्षं."

बाईंचा मघाशी आबांच्या पायांना लावलेला हात ओढणीला पुसला जात होता. ते त्यांना उशिरा कळलं.

आबांनी ते पाहिलं होतं. तरी त्यांची बोटं पुन्हा ओठांकडे गेली.

"नको, आबा..."

शीळ वाजली. थवा परत वळला. पुन्हा तसाच, बिनघोर, हाताच्या अंतरावर उतरला.

बाईंना ते पाहवेना. चपलांसकट त्या चिखलात धावल्या, जोरजोरात टाळ्या पिटत. सगळा थवा एकदम उठला आणि लाटांवरून उत्तरेला निघाला.

आबा उभे राहिले. कपाळावर आडवा हात धरून शेवटचं पाखरू दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

घोटाभर चिखलातून बाईंनी विचारलं, "जाळं... अजून लावता?"

"सोडलं. बारा वर्षं झाली."

"मग कशाला बोलावता त्यांना?"

आबांची नजर अजून उत्तरेलाच होती.

"जाताना कशी दिसतात," आबा म्हणाले, "ते त्या चाळीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, बाई."