वज्रकेतूच्या डोळ्यांतले लोणी

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाची पावले नर्मदेच्या वाळूत नुकती उमटू लागली होती, त्या काळी शिलावती नगरीत वज्रकेतू नावाचा महापराक्रमी राजा राज्य करीत होता. त्याचा एकुलता एक पुत्र अंशुधर असुरांशी लढताना धारातीर्थी पडला. चितेसमोर उभे राहून राजाने आज्ञा केली, "वीरासाठी रडणे हा वीराचा अपमान आहे. माझ्या नगरीत कोणीही अश्रू ढाळू नये."

त्यानंतर बारा वर्षे राजा रडला नाही आणि राणी सुलेखाही रडली नाही. मात्र राजाच्या छातीवर शिळा ठेवल्यासारखे दुखे, आणि त्याचा कोणावरच विश्वास उरला नाही. आचाऱ्याने वाढलेला घास तो आधी त्यालाच खायला लावी. राणीने गुंफलेला हारसुद्धा झटकून मगच गळ्यात घाली.

नर्मदेच्या पैलतीरी आर्द्रक मुनींचा आश्रम होता. तिथे कदंबांच्या सावलीत मुनींचे शिष्य नाट्यप्रयोग करीत. एके दिवशी हेराने वार्ता आणली, "महाराज, प्रजा पैलतीरी जाऊन ढसाढसा रडते आणि परतताना नावेत गाणी म्हणते."

"रडून सुख?" राजा उसळला. "माझी प्रजा फितवण्याचा हा डाव आहे!"

दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी तो राणीसह आश्रमात येऊन उभा राहिला.

"मुनिवर, तुमचे नट डोळ्यांत काय घालतात? मिरी की पिंपळी?"

"काहीच नाही, राजन्."

"मी पडद्यामागे बसून पाहीन. कपट सापडले, तर हा आश्रम आजच अग्नीत जाईल."

"आणि न सापडले तर?"

"सापडेलच!"

प्रयोग सुरू झाला. रणातून एका राजपुत्राचे शव आणले गेले, आणि त्याच्या पित्याचे सोंग घेतलेला कपोत नावाचा वृद्ध शिष्य विलाप करू लागला. मांडीवर खड्ग घेऊन वज्रकेतू पडद्याआड दबा धरून बसला होता. मध्येच कपोत पाणी प्यायला आत आला, तशी राजाने त्याची हनुवटी पकडली.

"डोळे तर कोरडे आहेत! मग बाहेर लोक कशाने रडतात?"

"महाराज, मी रडलो तर पुढचे वाक्य विसरेन. माझे काम बोलण्याचे, रडण्याचे काम त्यांचे. सोडा आता, माझी वेळ झाली."

तो बाहेर गेला. त्याचा स्वर पडद्यातून आत आला, "बाळा, तुझ्या कवचाचा बंद सैल राहिला होता रे! तो मीच बांधायला हवा होता."

राजाच्या छातीत काहीतरी हलले. त्याने फटीतून पाहिले, तर प्रेक्षकांत बसलेली राणी सुलेखा रडत होती, आणि तिचे ओठ 'अंशुधर, अंशुधर' म्हणत होते. हिच्यावरही यांची कपटमाया चालली! राजाने चहूकडे शोध घेतला. कोपऱ्यात एका द्रोणात काहीतरी पांढरे, मऊ ठेवलेले दिसले. त्याने ते बोटावर घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावले, आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"सापडले! कपट सापडले!" द्रोण उंचावून, पडदा फाडून राजा बाहेर आला.

कपोताने हात जोडले. "महाराज, ते लोणी आहे. तोंडाचा रंग उतरवायला ठेवतो आम्ही."

राजाने बोट हुंगले. मग चाखले. लोणीच होते.

मुनी हळूच म्हणाले, "लोण्याने डोळे निवतात, राजन्. वाहत नाहीत."

कोणी हसले नाही. राजा राणीसमोर जाऊन खाली वाळूत बसला. "सुलेखे, त्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला होता. बंद बांधा म्हणाला होता. मी म्हणालो, सेवकाला सांग." एवढे बोलून तो प्रजेच्या देखत लेकरासारखा रडला, आणि बारा वर्षांची शिळा उतरली.

तेव्हा मुनींनी वर दिला, "नाट्य पाहताना जो परक्याच्या दुःखासाठी रडेल, त्याचे स्वतःचे दुःख त्या पाण्याबरोबर वाहून जाईल. परंतु राजन्, पहिले अश्रू तुम्ही संशयाने ढाळलेत. म्हणून ते येतील तेव्हा माणूस दोष दुसऱ्याच कशाला तरी देईल."

ऋषिवचन खोटे होत नाही. आजही रंगमंचावर कोणाचे लेकरू जाते, अंधारात शेजारचा गृहस्थ डोळे पुसतो, आणि आपण पाहिले की घाईने म्हणतो, "काही नाही हो, डोळ्यात काहीतरी गेलं."