मिठाचा डबा

ज्याने थडग्याच्या तोंडावरची धोंड सारून जगाला पहाट दाखवली, आणि ज्याने आपल्या मित्राच्या थडग्यापाशी उभे असताना स्वतःच्या डोळ्यांतले पाणीही लपवले नाही, त्या दयाघन प्रभूला आधी नमन. शब्द त्याचे आहेत. जीभ तेवढी आपली.

फार पूर्वी, गावात घड्याळ नव्हते आणि पहाट कोंबड्यावरून कळत असे, तेव्हाची ही कथा. एका उघड्या टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात ख्रिस्तभक्तांची चाळीसएक घरे, एक दगडी देऊळ, आणि देवळाच्या मागच्या गल्लीत एका भडभुंज्याची भट्टी. घरात भडभुंजा आणि त्याची भडभुंजीण, दोघेच. तिला सारे गाव काकू म्हणत असे.

त्या गावाची एक रीत होती, तशी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. ईस्टरच्या पहाटे सारी मंडळी टेकडीवर जमत, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उपासना करत, आणि मग एका भल्या मोठ्या पितळी परातीत ‘गोडखारे’ कालवले जाई. ज्या घरी सरत्या वर्षात आनंद झाला असेल, लग्न, बारसे, दूर गेलेला मुलगा परतणे, त्या घराने गोड आणायचे: शंकरपाळे, साखरफुटाणे, बत्तासे, खोबऱ्याचे तुकडे. ज्या घरी दुःख झाले असेल त्या घराने खारे आणायचे, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवून भट्टीत भाजलेले शेंगदाणे. आणि ज्या घरी काहीच घडले नाही, त्याने चुरमुरे आणायचे. चुरमुरे आणणाऱ्यांनी देवाचे सर्वांहून अधिक आभार मानावेत, असे जुने लोक म्हणत.

बायका परात कालवू लागल्या की एका सुरात म्हणत:

मिठाविण गोडा । चव नाही अंगी ।
आसवांच्या संगी । हसू शोभे ॥

मग पाळकबाबा विचारीत, “मीठ कुणाचं?” दुःखी घरची माणसे पुढे येत आणि म्हणत, “माझं.” गोड आणणाऱ्यांपैकी कुणीतरी परातीतली पहिली मूठ त्यांच्या हातावर ठेवी. ज्याने ती मूठ ठेवली, त्याने पुढचे आठ दिवस त्या घरी जाऊन बसायचे. बोलले पाहिजे असे नाही, नुसते बसायचे. त्यानंतरच परात सर्वांना वाटली जाई.

काकूला हे सारे लख्ख आठवत असे. नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी तिने शंकरपाळे नेले होते. त्याच्या पुढच्या वर्षी तिचा पाळणा रिकामा राहिला, आणि तिने खारे नेले. तेव्हा एका म्हाताऱ्या कुंभारणीने तिच्या हातावर मूठ ठेवली आणि आठ दिवस तिच्यासोबत भट्टीपाशी बसून शेंगदाणे निवडले. आठ दिवसांत ती म्हातारी एकच वाक्य बोलली, “या दाण्यांत खडे फार आहेत गं.” पण काकूला त्या एका वाक्याने जो धीर दिला, तो प्रवचनांनी दिला नव्हता.

खारे शेंगदाणे भाजण्याचे काम तिच्या नवऱ्याचे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी तो पहाटेच भट्टी पेटवी. कढईतली वाळू तापली की ओंजळभर दाणे टाकी, झाऱ्याने उलथी, चाळणीत उपसी, आणि पहिला दाणा काकूच्या तळहातावर ठेवून म्हणे, “बघ. मीठ दिसता कामा नये, कळलं मात्र पाहिजे.” दिवसभर दुःखी घरची माणसे एकेक करून येत. तो कुणालाच काही विचारत नसे. मूठभर दाणे केळीच्या पानात बांधून देई, आणि पुडी देताना आपला हात क्षणभर त्यांच्या हातावर तसाच राहू देई.

मग एका वर्षी गावात तापाची साथ आली. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ती घराघरांतून फिरली, आणि एके दिवशी भडभुंज्यालाही घेऊन गेली.

भट्टी थंड पडली. सुरुवातीला लोक येत, विचारपूस करत. काकू दारातूनच म्हणे, “बरी आहे मी. तुमचं चालू द्या.” असे दहा वेळा ऐकल्यावर लोक येईनासे झाले. त्यांना वाटले, बाई खंबीर आहे. तिला वाटले, लोक विसरले. बहिणीचा निरोप आला होता, माझ्याकडे ये म्हणून. सण झाला की कढई विकून कायमचे जायचे, असे काकूने मनाशी ठरवून टाकले.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी तिला पहाटे जाग आली, आणि काय करते आहे हे कळण्याआधीच तिने भट्टी पेटवली. शेंगदाणे रात्रीच मिठाच्या पाण्यातून काढून सुकत घातले होते. तेही तिने सवयीनेच केले होते. वाळू तापली, दाणे तडतडले, वास गल्लीभर पसरला. तिने डबा भरला आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

दुपार झाली. कुणीही आले नाही.

उन्हे कलताना गावचा शिंपी तेवढा डोकावला. साठीला आलेला, एकटाच राहणारा गडी. “काकू, वास आला म्हणून थांबलो.”

“न्या की मूठभर.”

“मी कसला नेतो? माझं आपलं दरसालचं चुरमुऱ्यांचं. आमच्या घरी काही घडतच नाही बघा, लग्नसुद्धा राहून गेलं.” तो हसला, मग त्याची नजर भरलेल्या डब्यावर गेली. “कुणी आलं नाही न्यायला?”

“ज्यांच्या घरी दुःख असेल ते येतील. नसेल उरलं आता कुणाच्या घरी.”

शिंप्याने सदऱ्याला चिकटलेला पांढरा दोरा काढून टाकला. “येतो,” म्हणाला आणि गेला.

काकूने डब्यावर फडके टाकले. साथीत आणखी घरांतही माणसे गेली हे तिला ठाऊक होते, पण न्यायला कुणी आले नाही, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: बाकीची घरे सावरली, मीठ उरले आहे ते माझ्या एकटीच्याच दारी. उद्या एवढ्या साखरेत मी एकटीने मीठ घेऊन जायचे? सर्वांनी माझ्याकडे पाहायचे, माझी कीव करायची? तिने कणीक काढली, तूप तापवले आणि शंकरपाळे तळायला बसली. डोळ्यांत पाणी आले तेव्हा तिने धुराला बोल लावला.

पहाटे टेकडीवर मंडळी जमली. कडुनिंबाच्या मोहराचा वास होता, वारा थंड होता. “प्रभू उठला आहे,” पाळकबाबा म्हणाले. “खरोखर उठला आहे,” मंडळी म्हणाली. पाळकबाबा फार वृद्ध होते. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण आवाज मात्र घंटेसारखा. क्षितिजावर तांबडे फुटले आणि परात मांडली गेली.

एकेक फडके सुटू लागले. पहिल्या घरचे शंकरपाळे. दुसऱ्या घरचे साखरफुटाणे. तिसऱ्या घरचे बत्तासे. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरचेही गोडच. कुंभाराच्या सुनेनेही बत्तासे ओतले. काकूने आपले शंकरपाळे ओतले. शिंप्याने चुरमुरे ओतले. परात शुभ्र आणि सोनेरी दिसू लागली, आणि बायका कालवताना गाणे म्हणू लागल्या. पण पहिल्याच ओळीला ‘मिठाविण’ म्हणता म्हणता आवाज एकेक करून गळाले.

“मीठ कुणाचं?” पाळकबाबांनी विचारले.

कुणी बोलले नाही.

त्यांना वाटले, आपल्यालाच ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, “मीठ कुणाचं, बाळांनो?”

पाळकबाबांनी चाचपडत परातीतली एक चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. बराच वेळ चघळत राहिले.

“गोड आहे,” ते म्हणाले. “फार गोड आहे. पण पहिली मूठ मिठाच्या हातावर पडल्याशिवाय ही परात उठत नाही. माझ्या बापाच्या काळी उठली नाही, आणि माझ्या काळी उठायची नाही. सूर्याला घाई असेल, मला नाही. मी बसतो.”

आणि ते खरेच परातीपाशी मांडी घालून बसले.

सूर्य वर आला. पोरे चुळबुळू लागली. एकाने आईच्या नजरेआड दोन बकाणे मारले आणि तिसऱ्याला तोंड वाकडे केले. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. काकूला वाटले, बोलेल कुणीतरी, असेल कुणाचे तरी. मग तिची नजर कुंभाराच्या सुनेवर गेली. त्या मुलीचे सहा महिन्यांचे लेकरू साथीत गेले होते. ओठांवर ओघळलेले पाणी ती जिभेने हळूच टिपत होती. बाकी चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हते.

‘मीठ दिसता कामा नये, कळलं मात्र पाहिजे.’

काकू उठली. “माझं,” ती म्हणाली.

पाळकबाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. “कुठे आहे मीठ, बाई?”

“घरी राहिलं. राहिलं कसलं, ठेवून आले. माझ्या एकटीपायी सणाला डाग नको, म्हणून.”

“एकटीपायी?” शिंप्याला राहवले नाही. “काकू, यंदा माझी सुई कफनाच्या कापडातून बाहेर निघाली नाही. कुणाकुणाची शिवली ते मला विचारा.”

“नको विचारू,” पाळकबाबा म्हणाले. “ज्याचं त्याला सांगू दे. जा बाई, तुझं मीठ घेऊन ये. आम्ही आहोत इथेच.”

काकू टेकडी उतरू लागली. मागून पावले वाजली. कुंभाराची सून येत होती.

“काकू, मी काल तुमच्या दारापाशी येऊन गेले,” ती धापा टाकत म्हणाली. “वासही आला होता. उलट्या पावली फिरले.”

“का गं?”

“कसं मागू? तुमचाच माणूस गेलेला, आणि तुम्हालाच भट्टी पेटवायला लावू? पलीकडच्या आक्काही म्हणाल्या, यंदा काकूकडे जायचं नाही, बत्तासे न्यायचे. सगळ्यांचं तसंच ठरलं.”

काकू वाटेतच थांबली. “आणि मी दिवसभर उंबऱ्यावर बसून होते. कुणी येतंय का बघत.”

दोघींपैकी आधी हसू कुणाला आले आणि रडू कुणाला, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी काकू नवरा गेल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी खांद्यावर डोके ठेवून रडली.

डबा घेऊन दोघी वर आल्या. झाकण निघाले, आणि भाजल्या दाण्यांचा तो जुना, ओळखीचा वास टेकडीवर पसरला. काकूने पहिली मूठ परातीत टाकली. मग डबा कुंभाराच्या सुनेपुढे धरला. तिने एक मूठ घेतली आणि परातीत टाकली. मग पलीकडची आक्का आली. मग एक म्हातारा आला. मग एक नवरा-बायको, एकच मूठ दोघांच्या हातांनी धरून. काकू कुणालाच काही विचारत नव्हती. डबा पुढे करताना तिचा हात तेवढा क्षणभर त्यांच्या हातावर राहत होता.

डबा रिकामा झाला. पाळकबाबा उठून उभे राहिले.

“मीठ कुणाचं?”

“माझं,” काकू म्हणाली. “माझं,” कुंभाराची सून म्हणाली. “माझं.” “माझं.” “आमचं.” नऊ घरांचे आवाज आले.

पण आता अडचण अशी झाली, की गोड मनापासून आणलेली घरे तीनच होती, आणि मिठाची नऊ. मूठ ठेवायला हात पुरेनात. तेव्हा शिंपी पुढे झाला. “चुरमुरेवाल्याचा हात चालत असेल तर बघा,” म्हणाला. “आठ दिवस बसायला मला वेळच वेळ आहे.” त्या सकाळी टेकडीवर पहिल्यांदा हशा पिकला, आणि बाकीचे चुरमुरेवालेही पुढे सरले.

ज्यांनी त्या दिवशीचे गोडखारे खाल्ले, ते म्हातारपणीही त्याची चव सांगत असत. आधी साखर लागे, मग मीठ, आणि मग दोन्ही अशी काही एक होत की वेगळे काढता येत नसे.

कढई विकली गेली नाही. पुढचे आठ दिवस भट्टीपाशी इतकी माणसे येऊन बसली की काकूला झारा फिरवायला जागा उरली नाही. शिंप्याला शेंगदाणे निवडायला बसवले. त्याला डोळ्यांनी दिसेना, तो खडेच जास्त ठेवी. “या दाण्यांत खडे फार आहेत,” कुंभाराची सून म्हणाली, आणि काकूने चमकून तिच्याकडे पाहिले. मग पुन्हा झाऱ्याकडे वळली.

आता ते गाव पांगले. पोरे दूरदूरच्या शहरांत गेली, आणि ती परात कुणाच्या माळ्यावर उपडी पडली आहे ते देव जाणे. पण अजूनही काही घरांत ईस्टरच्या सकाळी वाडग्यात गोडखारे कालवतात, आणि घरातले सर्वांत वडील माणूस विचारते, “मीठ कुणाचं?” जो “माझं” म्हणेल, त्याच्या हातावर पहिली मूठ पडते.

तात्पर्य: दुसऱ्याला जड होऊ नये म्हणून जो आपले दुःख लपवतो, तो त्याच्याकडून सांत्वन करण्याचे सुखही हिरावून घेतो; मीठ परातीत पडले तरच ते सर्वांचे होते.

ऐकणाऱ्या प्रत्येक जिवाला प्रभू शांती देवो. ज्या घरी गोड आहे तिथले हात मोकळे राहोत, ज्या घरी मीठ आहे तिथे कुणीतरी येऊन बसो, आणि ज्या घरी नुसते चुरमुरे आहेत, त्या घराचे चुरमुरे देव वर्षानुवर्षे तसेच राखो. आमेन.