धनेशाचा होकार

दोष धनेशाचा होता. कोल्ह्याने आणि उदमांजराने काय केलं ते पुढे कळेलच, पण दार उघडून दिलं ते धनेशाने. जंगलातली वडीलधारी मंडळी अजून "त्याचं नशीबच खोटं" म्हणतात. बाळांनो, त्यांचं ऐकू नका.

डोंगरउतारावरच्या दाट जंगलात हा म्हातारा धनेश पक्षी राहत होता. वाघाने त्याला न्यायाधीश नेमलं होतं. कुणाच्या घराला चोरून कान लावायचा, तर वाघाच्या हेरांना, म्हणजे उदमांजरांना, आधी त्याची परवानगी लागे. न्यायालय भरायचं धबधब्यामागच्या कपारीत, म्हणजे आतला शब्द बाहेर जायला नको. बोलायचा फक्त वाघाचा कारभारी कोल्हा. ज्याच्या घराला कान लागणार, त्याला ना बोलावणं, ना खबर. कोल्ह्याचं बोलून झालं की धनेश आपली मोठी चोच खाली करी. झाली परवानगी! ती चोच नकारासाठी हललेली कोल्ह्याने कधी पाहिलीच नव्हती.

एकदा एका तरुण शेकरूने त्याला उंबरावर गाठलं. "आजोबा, माझ्या आईच्या घरट्याला उदमांजर कान लावून बसलं होतं. त्यानंतर आई दिसली नाही. तिने काय केलं होतं, एवढं तरी विचारलं होतंत का?"

"अजून शेपटी धड फुलली नाही, आणि निघाला मला न्याय शिकवायला!" धनेश म्हणाला. "ज्याच्या मनात पाप नाही, त्याचं कुणी ऐकलं म्हणून काय बिघडतं?"

खाली बसलेल्या म्हाताऱ्या वानरांनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच येत होतं.

धनेश उंबरं चोचीत भरून उडाला. घरी बायको आणि इवलंसं पिलू वाट पाहत होतं. धनेशांच्या रीतीप्रमाणे बायकोने ढोलीत बसून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं, चोच शिरेल एवढीच फट ठेवून. तिची पिसं गळाली होती, उडता येत नव्हतं. धनेश गुपचूप येऊन त्या फटीतून दोघांना भरवी. ती जागा त्याने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती.

पुढच्या बैठकीला कोल्हा म्हणाला, "न्यायमूर्ती, एका ढोलीत कुणीतरी दडून बसलंय. बाहेरून कुणीतरी चोरून खाणं पुरवतं. उदमांजराला संशय आहे."

"चोरून? मग काळंबेरं असणारच," धनेश म्हणाला. "ढोली कुठली?"

"ते गुप्त आहे, न्यायमूर्ती."

"बरोबर. गुप्तच असायला हवं. आटपा लवकर, मला घरी जायचंय." आणि चोच खाली झाली.

दुसऱ्या दिवशी धनेश फळं घेऊन आला, तर ढोलीचं लिंपण फुटून खाली पडलं होतं. परवानगी फक्त कान लावायची होती. पण आत पिलू चिवचिवलं आणि उदमांजराला भूक लागली.

धनेश रडत कपारीत गेला. "मला दाद हवी! माझ्या घराला कान लावायची परवानगी दिली कुणी?"

"तुम्हीच," कोल्हा म्हणाला. "आणि ज्याचं ऐकलं जातं, त्याने इथे बोलायचं नसतं. नियम तुमचाच आहे, न्यायमूर्ती. घरी जा."

बाहेर शेकरू बसलं होतं. धनेशाने त्याच्याकडे पाहिलं. शेकरूने तोंड फिरवलं आणि बरोबर केलं.

धनेशाची बायको गेली. पिलूही गेलं.

तात्पर्य : ज्याच्या घराला कान लागणार त्याची बाजू न ऐकता जो होकार देतो, तो न्यायाधीश नसतो, पाळत ठेवणाऱ्यांचा चाकर असतो, आणि केवळ वय झालं म्हणून अशा चाकराला मान देऊ नये.